समोरासमोर पाच मिनिटं

नवऱ्याला कुशीवर वळवून तिने त्याच्या पाठीला पावडर लावली, हात धुतले आणि त्याच्या खुर्चीत, कॉम्प्युटरसमोर बसून त्याच्याच नावाने कामावर हजर झाली.

आठ महिने हे असंच चाललं होतं. अर्धांगाच्या झटक्यात त्याची वाचा गेली, पण पासवर्ड डायरीत होता. कामही काही डोंगर उचलायचं नव्हतं. ग्राहकांच्या तक्रारी वाचायच्या, उत्तरं लिहायची, साहेबांनी मंजूर केली की पाठवायची. कंपनी एवढी अवाढव्य, की कोणी कोणाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. नवरा याच गोष्टीवरून कंपनीच्या नावाने बोटं मोडायचा. मेलो तरी यांना पत्ता लागायचा नाही, म्हणायचा. आता त्याच गोष्टीवर घर तगून होतं. दवाखान्याचा सगळा खर्च कंपनी द्यायची, अर्थात नोकरी असेपर्यंतच. पंधरा दिवसांवर मेंदूचं ऑपरेशन होतं.

साहेबांच्या बाबतीत मात्र नवऱ्याचं चुकलंच, असं तिला वाटे. तो त्यांना 'विंचू' म्हणायचा. तिला तर देवमाणूस भेटला होता. तिची चूक झाली की साहेब निमूटपणे दुरुस्त करायचे. फोन कधी नाही, सगळं लिहून. दुपारी हमखास विचारायचे, जेवलात का?

सोमवारी वरून फर्मान आलं. प्रत्येक साहेबाने हाताखालच्या माणसाला समोरासमोर पाहायचं. दोघांचे कॅमेरे पाच मिनिटं चालू हवेत आणि रेकॉर्डिंग साहेबांनी वर पाठवायचं. पण साहेबांनीच भेट तीनदा पुढे ढकलली. कधी ताप, कधी वीज गेलेली. देवच पावला म्हणायचं. शुक्रवारी मात्र मुदत संपत होती.

नणंद म्हणाली, नेट बंद पडलंय म्हणून सांग. तिने नाही म्हणून मान हलवली. खोटं लिहून लिहून ती विटली होती, आणि या माणसाशी तर तिला ते नकोच होतं. सरळ पाय धरायचे, पंधरा दिवस मागायचे. मग नोकरी गेली तर गेली.

ठरल्या वेळी तिने केस सारखे केले आणि कॅमेरा लावला. साहेबांचा चौकोन अजून काळाच होता. थांबली तर धीर सुटेल, म्हणून ती बोलूनच गेली.

"साहेब, मी त्यांची बायको. आठ महिने मीच काम करतेय. ते अंथरुणाला खिळलेत. काय शिक्षा द्यायची ती द्या, पण ऑपरेशन होईपर्यंत थांबा."

मग चौकोन उजळला. पांढऱ्या केसांची, जाड चष्मा लावलेली एक बाई तिच्याकडे पाहत होती.

"मी तुझ्या साहेबाची आई, बाळा," ती म्हणाली. "त्याला जाऊन नऊ महिने झाले."