नातीची गाडी

शोरूमच्या दारात वीरभद्रप्पांनी आधी आत कोणी ओळखीचं आहे का ते पाहून घेतलं, कपाळावरची विभूती पुसली जाणार नाही अशा बेतानं घाम टिपला आणि मगच नातीला घेऊन आत शिरले.

"नातीला गाडी घ्यायची," सेल्समननं काही विचारायच्या आतच ते म्हणाले.

प्रणिता त्यांच्याकडे बघतच राहिली. ती संभाजीनगरला होस्टेलवर राहून फार्मसी शिकत होती. गेवराईला यायची ती सणासुदीला.

"मला कावून गाडी, आप्पा? मी तर हितं नसतेच."

"सुट्टीत असतीस ना? मग!"

खरी गोष्ट अशी होती की, आप्पांचा उजवा पाय मोटारसायकलवरून पलीकडं जाईनासा झाला होता. गुडघा हट्टालाच पेटला होता. गाडी आपल्या किराणा दुकानाच्या ओट्याला खेटून लावायची आणि ओट्यावरून चढायचं, अशी युक्ती दिवाळीपासून चालली होती. परवा नाथाच्या हॉटेलापुढं ओटाच नव्हता. तेव्हा पेट्रोल संपलंय असं सांगून त्यांनी गाडी भर बाजारातून ढकलत आणली. त्यातही दोघं भले लोक पेट्रोलची बाटली घेऊन मागं धावत आले, ती वेगळीच पंचाईत. आता एकच वाट उरली होती, मुलाच्या मागं दोन्ही पाय एका अंगाला सोडून बसायचं. सारी हयात स्वतःच्या गाडीवर गावभर हिंडलेल्या माणसाला त्यापेक्षा घरात बसून राहिलेलं बरं वाटत होतं. स्कूटर हा उपाय होता, नाही असं नाही. पण स्कूटर म्हणजे बायकांची गाडी, असं गेवराईत सगळ्यात मोठ्यानं आजवर कोणी म्हटलं असेल, तर ते आप्पांनीच.

सेल्समननं एक फिकट रंगाची, ऐसपैस स्कूटर पुढं केली. "ही बघा आप्पा. सीट रुंद हाय. मागं आजी बी आरामात बसतील."

आप्पांनी तोंड कडू केलं. नकळत त्यांचा हात गुडघ्यावर गेला आणि तिथंच राहिला. प्रणितानं तो हात पाहिला. मग ती कोपऱ्याकडं गेली. तिथं एक लहानशी, चापूनचोपून बसवल्यासारखी लाल स्कूटर उभी होती. पुढून टोकदार, अंगावर काळे पट्टे. आजीबाईंच्या कामाची तर ती अजिबात दिसत नव्हती.

"मला ही आवडली," प्रणिता म्हणाली. "आप्पा, तुमी जरा बसा हिच्यावर. लांबून कशी दिसती ते बघू द्या मला."

"मी? मी कशाला?"

"बसा म्हणते ना."

आप्पा बसले. पाय समोरून सरळ आत गेला. उचलावा लागलाच नाही. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या आणि आप्पांचा जीव भांड्यात पडला. सेल्समननं किल्ली दिली. आप्पा शोरूमच्या आवारातून निघाले, बाजूच्या रस्त्यानं पेट्रोल पंपापर्यंत गेले आणि परत आले. पुढं चिटपाखरू नसताना त्यांनी दोनदा हॉर्न वाजवला. किती महिन्यांनी ते असे मोकळे फिरले होते.

परत आले तर दारात मोहनराव उभे. तलवाड्याचे मोहनराव, पंचायत समितीचे माजी सभापती. त्यांना सभेत माईक लागत नसे आणि शोरूममध्येही लागला नाही.

"काय आप्पा! ह्या वयात बायकांची गाडी?"

आतली सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. आप्पांना उतरायचंही सुचेना. आता संध्याकाळपर्यंत ही बातमी बाजारभर होणार आणि उद्यापासून दुकानात साखरेआधी लोक हेच मागणार.

"नातीची हाय," ते कसेबसे म्हणाले. "मी आपलं नुसतं बघत होतो."

"हां आजोबा, माझीच हाय," प्रणिता पुढं झाली. "मीच बसवलं त्यांना."

मोहनराव पोट धरून हसले. हसता हसता त्यांनी स्कूटरला एक चक्कर मारली. सीट दाबून पाहिली. पाय ठेवायच्या मोकळ्या जागेकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मग सेल्समनला चहा सांगायला पाठवून ते आप्पांच्या कानाशी वाकले. त्यांचा एवढा बारीक आवाज आप्पांनी कधी ऐकला नव्हता.

"पाय लई वर घ्यावा लागत न्हाई ना?"

आप्पांनी त्यांच्या तोंडाकडं नीट पाहिलं. तिथं चेष्टा नव्हती.

"घ्यावाच लागत न्हाई," तेही हळूच म्हणाले.

"अन् खाली टेकतेत?"

"टाचेपर्यंत."

मोहनरावांनी मोठा सुस्कारा सोडला. सेल्समन चहा सांगून आला तेव्हा त्यांचा सभेतला आवाज परत आला होता.

"अशीच अजून एक काढ रे! आमच्या नातीला घ्यायची हाय!"

प्रणितानं तोंड उघडलं. मोहनरावांना दोनच पोरं होती, तीही बिनलग्नाची. थोरल्यासाठी पोरगी बघा म्हणून ते वर्षभर अख्ख्या तालुक्याच्या मागं लागले होते. आप्पांनी तिचा हात धरून तिला गप्प केलं. त्यांना एवढं हलकं वाटत होतं की, हसू आवरणं जड गेलं.

"घ्या की, मोहनराव," ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले. "नातीला रंग कोणता पायजे?"

मोहनरावांनी त्या लाल गाडीवरून एकवार हात फिरवला.

"लाल तेवढा नको," ते म्हणाले. "दोघी बाजारात सारख्याच दिसतेल."