धूमकेतूवरची पहिली अंघोळ

नरकचतुर्दशीच्या पहाटे दुर्बिणीतून तरी धूमकेतू दिसावा म्हणून कुमुदिनीबाईंनी पाट गच्चीवरच मांडला होता. त्या नवऱ्याच्या पाठीला उटणं लावत असताना धूमकेतूवरच्या बर्फखाणीतून लेकीचा, शर्वरीचा निरोप आला.

"आई, तुझ्या हट्टापायी आज गरम पाण्याने अंघोळ केली, अगदी उटणं लावून. सांडपाणी खालच्या भेगेत सोडलं. झालं समाधान?"

कुमुदिनीबाई हसल्या. भालचंद्ररावांनी मात्र निरोप पुन्हा ऐकला. निवृत्त होईपर्यंत ते अशाच खाणींची आखणी करायचे.

"भेगेत?" ते पुटपुटले. "अगं, तिथल्या बर्फाला जरा ऊब लागली की तो आपला आपणच तापत जातो. मग आत कोंडलेला वायू..."

शेजारच्या गच्चीवर टाळ्या वाजल्या. कालपर्यंत दुर्बिणीतूनही जेमतेम दिसणारा धूमकेतू पूर्वेला शुक्रापेक्षा तेजस्वी झाला होता.

"वहिनी, बघितलंत का?" कठड्याशी आलेले दळवी कौतुकाने म्हणाले. "शर्वरीने तिकडे दिवाळी साजरी केलेली दिसतेय."

कुमुदिनीबाईंचा उटण्याने माखलेला हात नवऱ्याच्या पाठीवर तसाच थांबला होता. घंगाळातल्या पाण्यातून अजून वाफ निघत होती.