वीतभर मोकळी सुतळी

दोन खिडक्यांच्या गजांना सुतळी बांधून तालुक्याहून आलेल्या मार्गदर्शक मॅडम शिक्षकांना म्हणाल्या, "पुस्तकात काय आहे ते नको. गणितात आपण खरोखर काय शिकवतो, ते इयत्तेप्रमाणे चिठ्ठ्यांवर लिहून इथे टांगा."

चिठ्ठ्या वाऱ्यावर डोलू लागल्या. पाचवीच्या दमयंतीबाई बघता बघता तंद्रीत गेल्या. त्यांना दिसलं, सुतळीवरून मुलं हात पसरून, तोल सांभाळत चालली आहेत. पहिली ओलांडली, दुसरी ओलांडली, तिसरीही. चौथीच्या पुढे मात्र वीतभर सुतळी मोकळी होती, आणि तिथे एकेक मूल आवाज न करता धुक्यात विरून जात होतं.

"अपूर्णांकांची ओळख कुणाकडे?" मॅडमनी विचारलं.

"शेवटचा धडा तो. परीक्षेच्या गडबडीत राहतो," चौथीचे गुरव सर म्हणाले. "पाचवीत बाई घेतातच."

"मी थेट अपूर्णांकांच्या बेरजेपासून सुरू करते," बाई पुटपुटल्या. "ओळख चौथीत झाली असं धरून. सतरा वर्षं."

तेवढ्यात शाळेत खिचडी शिजवणारी छबू चहा-बिस्किटं घेऊन आली. ती याच शाळेत शिकलेली. पाचवीत असताना बाईंनीच तिच्या आईला सांगितलं होतं, हिच्या डोक्यात गणित शिरत नाही. पुढच्या वर्षी ती शाळेत आलीच नाही.

बाईंनी तिला बाकावर बसवलं. एका बिस्किटाचे सारखे दोन तुकडे केले, त्यातला एक तिच्यासमोर ठेवला आणि शेजारी खडूने लिहिलं: वर एक, मध्ये आडवी रेघ, खाली दोन.

छबूने तो तुकडा दुसऱ्या तुकड्याला जोडून पाहिला, पुन्हा वेगळा केला.

"एवढंच होतं, बाई?"