चुलीवर टांगलेली राणी

पारखीसाहेबांनी चित्र नाकाजवळ नेलं, डोळे मिटले आणि वास घेतला. अमृतलालशेठ श्वास धरून बसले.

"हा वास आज कुणाला पैदा करता येत नाही," साहेब म्हणाले. "दोनशे वर्षं मुरावा लागतो."

दाराशी बसलेल्या कडूबा चिताऱ्याला तो वास ओळखीचा होता. त्याच्या चुलीचा होता. जुन्या पोथ्यांतली कोरी पानं शेठ आणून द्यायचे, कडूबा त्यांच्यावर राजे-राण्या काढायचा, आणि त्याची बायको गोजरबाई ती चित्रं चुलीवरच्या खुंटीला टांगून गोवऱ्यांचा धूर द्यायची. पोळ्याला टांगलेलं चित्र दिवाळीला जुनं होऊन उतरायचं. राणीसायबाला बी माह्यासंगं खोकायला लावता का, असं ती म्हणायची.

साहेबांच्या हातातल्या या राणीला त्यानं गोजरबाईचंच तोंड दिलं होतं. तिला चुलीपुढं बसवून, तिच्याकडं बघत काढलं होतं. हे शेठला द्यायचं नाही, घरीच ठेवायचं, असं दोघांचं ठरलं होतं. दिवाळी झाली आणि गोजरबाई तापानं गेली. कडूबा अस्थी घेऊन गोदावरीला गेला, तेव्हा शेठचा मुनीम मांगीलाल नेहमीसारखा घरी आला. दाराला नुसती कडी होती. खुंटीवरची चित्रं त्यानं नेहमीसारखी उतरवून नेली, त्यांत हेही गेलं. तिचं दुसरं चित्र नव्हतं, फोटो नव्हता.

ते मागायला कडूबा आज मस्तगडला शेठच्या दुकानी आला, तर हैदराबादेहून पारखीसाहेब आलेले. कुठल्याशा नवाबाच्या चित्रखान्यासाठी ते जुना माल पारखून नेत. औरंगाबादेत नोकरी झालेली, त्यामुळं मराठी चांगलं बोलत.

साहेबांनी राणीच्या हनुवटीजवळ बोट नेलं. तिथं गोंदणाचा एक ठिपका होता. मधोमध नव्हता, एका अंगाला सरकलेला होता. नकली माल करणारा ठिपका मधोमध देईल, साहेब शेठला समजावू लागले. असा चुकलेला ठिपका तोच देईल, ज्यानं ही बाई समोर बसलेली पाहिली. म्हणून हे अस्सल. ही राणी खरोखर होऊन गेली.

"बराबर हाय, साहेब," कडूबा दारातून म्हणाला. "मीच पाह्यली तिला. माही बायको हाय ती. गोंदताना मान हालली व्हती तिची."

शेठनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. साहेबांकडं झुकून हळू आवाजात सांगितलं, बिचाऱ्याची बायको नुकतीच वारली, डोकं ठिकाणावर नाही, परवा देवीच्या तसबिरीलाही बायको म्हणाला. साहेबांनी हळहळून मान हलवली.

कडूबा उठून आत आला. चित्र माझं, धूर माझ्या घरचा, कागद शेठचा, असं त्यानं सगळं सांगून टाकलं. पाहिजे तर मला चावडीवर न्या म्हणाला, पण एवढं देऊन टाका. शेठकडं वळून म्हणाला, याच्या बदल्यात पाहिजे तेवढ्या राण्या काढून देतो. शेठ हसले. कडूबानं काढलेला खोटा माल आजवर कुठं अडला नव्हता.

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी कोरा कागद मागवला, शाई मागवली, आणि आपल्या पेटीतला कुंचला काढून कडूबाच्या हातात दिला.

"काढ मग," ते म्हणाले. "तुझी बायको ना? काढ इथं."

शेठचं हसू गेलं. कडूबाचा हात त्यांना माहीत होता.

कडूबानं मांडी घातली. कपाळ उतरलं, नाक उतरलं. डोळे झाले तेव्हा त्यानं पाहिलं, ते राणीचे झाले होते, माशासारखे लांब, आजवर काढलेल्या सगळ्या राण्यांचे. गोजरबाईचे बारके होते, धुरानं कायम पाणावलेले. ते तसेच सोडून तो हनुवटीवर आला. आता ठिपका. डाव्या अंगाला का उजव्या? माणूस समोर असतं तोवर बाजू ध्यानात ठेवावी लागत नाही. कुंचला कागदाला टेकेना. त्यानं मान वर करून चित्राकडं पाहिलं.

साहेबांनी चटकन चित्रावर तळहात धरला.

"बघा शेठ. पाहिल्याशिवाय येत नाही," ते म्हणाले. "नकल करणारा असाच ओळखू येतो." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. कडूबाच्या पुढ्यातला कागद त्यांनी वाकून नीट बघितला. "हात बरा आहे. पण हिच्यात जीव नाही."

शेठनी श्वास सोडला आणि चहा मागवला. मांगीलालनं मलमलीचं फडकं आणलं, चित्र त्यात गुंडाळलं आणि वरून सुतळी बांधायला सुरुवात केली. कडूबा होता तिथंच बसून होता. कुंचल्यावरची शाई वाळली होती.

"साहेब," तो म्हणाला, "नेऊ नका म्हणत न्हाई मी आता. नुसतं एकदा उघडा. ठिपका कोण्या अंगाला हाय, तेवढं पाहू द्या."

मांगीलालनं गाठ आवळली आणि उरलेली सुतळी दातानं तोडली.