गोचिडीच्या पोटातलं रक्त

छोट्या ओजसच्या मानेवर लाल कडं उठलं होतं. तिथली गोचीड डॉक्टर नीलाक्षींनी चिमट्यानं उपटून रक्त तपासणाऱ्या यंत्रात टाकली. गोचीड चावून होणाऱ्या लाइम आजाराचं हे आजचं एकविसावं मूल. थकव्यानं त्यांना उभं राहवत नव्हतं.

"वेळेत आणलंत, औषधानं बरा होईल," त्या ओजसच्या आईला म्हणाल्या.

इतक्यात यंत्राचा निकाल आला. गोचिडीच्या पोटात ओजसच्या सख्ख्या बहिणीचंही रक्त होतं, आणि त्यात हाच आजार कित्येक महिने मुरलेला होता.

"याची बहीण कुठंय?" नीलाक्षींनी विचारलं.

आईचा चेहरा उतरला. "घरी. गुडघे दुखतात म्हणून शाळा बुडवते. नाटकं समजून मी मारलंसुद्धा तिला."

"घेऊन या. अजूनही बरी होईल. मी थांबते."

आई धावतच सुटली. ओजसला न्यायचंही तिला सुचलं नाही. नीलाक्षींनी त्याला मांडीवर घेतलं आणि भिंतीला डोकं टेकलं.