साक्षीदार मागे उभा होता

पाय प्लास्टरमध्ये असल्यामुळे कोर्टाच्या टंकलेखिका बाई घरच्या लॅपटॉपवरूनच कोर्टाच्या संगणकात शिरत. त्या दुपारी साक्षीची फाइल उघडताच अक्षरं आपोआप उमटू लागली.

‘प्रश्न: बाई काय करत होत्या? उत्तर: घरात एकट्याच बसल्या होत्या.’

बाईंनी घाईने कोर्टाच्या तंत्रज्ञाला फोन लावला. “अहो, माझ्या फाइलमध्ये कोण टाइप करतंय?”

“दुसरं कुणीच नाही, बाई. अक्षरं तुमच्याच घरून येताहेत.”

बाईंनी कीबोर्डवरचा हात चटका बसल्यासारखा मागे घेतला.

‘प्रश्न: तुम्हाला हे कसं दिसलं? उत्तर: मी त्यांच्या मागेच उभा होतो.’

हात मांडीवर असूनही अक्षरं उमटतच राहिली.

‘प्रश्न: मग बाईंनी वळून पाहिलं का?’

उत्तराच्या जागी कर्सर लुकलुकत थांबला.