मापांच्या वहीचं शेवटचं पान

वडिलांनी सुईत दोरा ओवला आणि मगच मान वर केली. "बोल. मघापासून पिशवीचा बंद पिळतेयस. तुटला तर मलाच शिवावा लागेल."

"उद्या टीव्हीवर येईलच," मुलगी म्हणाली. "म्हटलं, त्याआधी माझ्याकडून कळावं."

"लग्नबिग्न ठरवलंस की काय?"

"या वयात? काहीतरीच!" ती सत्तेचाळीस वर्षांची होती आणि त्यातली बावीस वर्षं एकाच प्रयोगशाळेत गेली होती. पृथ्वीबाहेरून आणलेली माती आणि बर्फ तपासायचं तिचं काम. वडिलांना ते कधी नीट कळलं नव्हतं. कुणी विचारलंच तर ते सांगत, "मुलगी माती चाळते."

बातमी तिने आधी भावाला कळवली होती, आणि सकाळीच त्याचा फोन आला होता. "बाबांना सांगू नकोस. टीव्हीची वायर काढून ठेव. आई गेली, दुकान गेलं, आता एका देवावर तर दिवस काढताहेत. तोही काढून घेणार आहेस का?" वायर काढायलाच ती आली होती. पण वडिलांसमोर बसल्यावर तिच्याच्याने ते होईना.

"दुसरीकडे जीव सापडलेत, बाबा. आपल्या पृथ्वीवरचे नाहीत. आमच्या मातीत सापडले."

वडिलांनी हातातल्या सदऱ्याचं बटण घट्ट केलं आणि दोरा दाताने तोडला.

"माप काय?"

"डोळ्यांना दिसायचेही नाहीत एवढे."

"मग आपल्या धंद्याच्या कामाचे नाहीत."

तिला हसू आलं नाही. "तुम्हाला काहीच वाटत नाही? तुमच्या देवाने याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता."

"मीही कधी विचारलं नव्हतं. चाळीस वर्षं मी या एका गल्लीचे कपडे शिवले. म्हणून काय पलीकडच्या गल्लीत लोक उघडे फिरत होते?"

तिचा जीव भांड्यात पडला. भाऊ उगाच घाबरला होता.

पाच वाजले. दुकान होतं तेव्हा याच वेळी वडील शटर ओढून प्रार्थनेला बसत. त्यांना पोथीबिथी लागत नसे, मापांची जुनी वही लागे. ज्यांचे कपडे शिवले त्या सगळ्यांची नावं तिच्यात होती, छाती, कंबर, बाहीसकट. ती नावं घ्यायची, हीच त्यांची प्रार्थना. पुढच्या पानांवर हयात असलेले, त्यांच्यासाठी आरोग्य मागायचं. मागच्या पानांवर गेलेले, त्यांच्यासाठी शांती. आणि अगदी शेवटच्या पानावर क्षमा मागायची. तिथे एकच नाव होतं, वडिलांचं स्वतःचं. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि घरात कुणाची विचारायची टाप नव्हती.

वडिलांनी वही उघडली आणि कानावरची पेन्सिल काढली. "नाव काय म्हणालीस त्यांचं?"

"अजून ठेवलं नाही. नंबर दिलाय."

"नंबर कंबरेला असतो गं." त्यांनी स्वतःशीच थोडा विचार केला आणि 'लांबची मंडळी' असं लिहायला घेतलं. मग हात थांबला. "कुठल्या पानावर घालू? हयात आहेत ना?"

उद्याच्या निवेदनात हे कुठेच येणार नव्हतं. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनीच ते वगळलं होतं. ती नुसती 'हो' म्हणाली असती, तर विषय तिथेच मिटला असता.

"नाहीत," ती म्हणाली.

"कशाने गेले?"

"बाहेरून आलेली माती आम्ही आधी भट्टीत तापवतो. इथे काही रोगराई पसरू नये म्हणून. दोन कुप्या होत्या. एक तापवायची, एक गार ठेवायची. पण बावीस वर्षांत कधी काही निघालंच नव्हतं, बाबा. हात सवयीने चालतो. दोन्ही भट्टीत गेल्या. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर..." तिने पिशवीचा बंद पुन्हा पिळला. "त्यातला एक जीव दुसऱ्याला जन्म देत होता. अर्ध्यावरच राहिला."

"हात कुणाचा?"

"माझा."

वडील रागावले नाहीत. त्यांनी समजूतही काढली नाही. हात चुकला की काय होतं, हे कात्रीवर आयुष्य काढलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं. त्यांनी मागची पानं उलटली, आईच्या नावाखाली 'लांबची मंडळी' लिहिलं आणि मापाच्या जागी नुसती रेघ ओढली.

मग ते हळू आवाजात नावं घेऊ लागले. हयात मंडळींत तिचं नाव रोजच्या जागी आलं, भावाच्या पाठोपाठ. ती देवबिव मानत नव्हती. तरी ते नाव येईपर्यंत आपण श्वास धरून बसलो होतो, हे तिच्या लक्षात आलं. गेलेल्यांत आई आली, आणि आईनंतर लांबची मंडळी.

शेवटच्या पानावर वडिलांनी स्वतःचं नाव घेतलं. एरवी इथे वही मिटायची. आज ती त्यांनी फिरवून तिच्यापुढे सरकवली आणि वर पेन्सिल ठेवली.

"आमचे प्रमुख म्हणतात, काही बिघडलं नाही," ती म्हणाली. "पुरावा तर मिळाला ना."

"तुला काय वाटतं?"

पानावरचं वडिलांचं नाव तिने वाचलं. मग तिने पेन्सिल उचलली. स्वतःच्या नावाचं पहिलंच अक्षर तिरकं गेलं. तेव्हा वडिलांनी, मशीनखाली कापड धरावं तशी, वही दोन्ही हातांनी ताणून धरली.